कच्च्या खर्ड्याचे वाचक आणि कादंबरीकाराचे स्वातंत्र्य : सॅम्युअल रिचर्डसनच्या वाचकवर्तुळाचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

साहित्यकृती वाचकापर्यंत पोचते ती पूर्ण होऊन, छापून आणि बांधून, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. समीक्षाही याच गृहीतावर उभी असते. लेखक निर्मिती करतो, वाचक आस्वाद घेतो आणि या दोन क्रियांच्या मध्ये प्रकाशनाची एक स्पष्ट सीमारेषा असते. प्रत्यक्षात अनेक कादंबऱ्यांच्या बाबतीत ही सीमारेषा पुसट असते. हस्तलिखित अवस्थेतच कादंबरी काही निवडक वाचकांसमोर ठेवली जाते, त्यांची मते मागवली जातात आणि त्यांचा कमीअधिक परिणाम अंतिम संहितेवर होतो. मित्रमंडळातील वाचन, वाचकगटातील चर्चा, लेखन कार्यशाळांतून होणारी खर्ड्याची छाननी ही याच प्रथेची रूपे होत.

या प्रथेमुळे एक मूलभूत प्रश्न निर्माण होतो. कच्च्या खर्ड्यावर वाचकांनी दिलेल्या अभिप्रायाचे स्वरूप कोणते? तो सल्ला असतो, मागणी असते, की कृतीच्या परिणामाविषयीचा पुरावा असतो? लेखकाने तो मानला तर कृतीवरील त्याचा अधिकार किती उरतो, आणि न मानला तर तो मागवण्याला अर्थ काय? या प्रश्नांची चर्चा करण्यासाठी अठराव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसन (१६८९–१७६१) याच्याइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल. त्याने आपल्या वाचकांशी केलेला प्रचंड पत्रव्यवहार उपलब्ध आहे, त्याच्या कादंबऱ्यांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या उपलब्ध आहेत, आणि मुख्य म्हणजे वाचकांचा आग्रह त्याने एकदा ठामपणे नाकारला व पुढे बऱ्याच अंशी स्वीकारला. या दोन्ही निर्णयांची फलिते तुलनेसाठी समोर आहेत.

मुद्रक कादंबरीकार आणि त्याचे वाचकवर्तुळ

रिचर्डसन हा व्यवसायाने मुद्रक होता. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटलगतच्या सॉल्सबरी कोर्टमध्ये त्याचा छापखाना होता. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर १७४० मध्ये त्याची ‘पामेला’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि कमालीची गाजली. तिची स्तुती झाली तशीच टवाळीही झाली. १७४१ मध्ये हेन्री फील्डिंगने ‘शमेला’ हे विडंबन लिहून पामेलाचे शील म्हणजे हिशेबी डावपेच आहे असे सुचवले. आपण एक लिहावे आणि वाचकाने त्यातून नेमके उलटे वाचावे, हा अनुभव रिचर्डसनच्या जिव्हारी लागला असावा. पुढील कादंबरी छापण्यापूर्वीच ती कशी वाचली जाते हे अजमावण्याची जी निकड त्याच्या ठिकाणी दिसते, तिचे एक कारण येथे शोधता येते.

ही पुढील कादंबरी म्हणजे ‘क्लॅरिसा’. १७४४ च्या सुमारापासून तिचे हस्तलिखित मित्रांमध्ये फिरत होते. कवी व नाटककार ॲरन हिल, कवी एडवर्ड यंग, नट व राजकवी कॉली सिबर हे त्याच्या पहिल्या वाचकांपैकी होत. कादंबरीच्या पहिल्या दोन खंडांना जोडलेल्या प्रस्तावनेत या सल्लामसलतीचा उघड उल्लेख आहे. ग्रंथाचा विस्तार कमी करावा की नाही याविषयी मित्रांची मते परस्परविरोधी पडली, असे तेथे नमूद केले आहे. वाचकांचे मत घेण्याची प्रक्रिया लपवून न ठेवता तिला ग्रंथातच स्थान देणारा हा लेखक होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

अभिप्रायाचे तीन प्रकार

रिचर्डसनला मिळालेल्या अभिप्रायांची विभागणी तीन प्रकारांत करता येते. पहिला प्रकार रचनेविषयीचा, दुसरा आकलनाविषयीचा आणि तिसरा इच्छेविषयीचा. हे तिन्ही प्रकार वाचकाच्या तोंडून सारख्याच ठामपणे येतात, परंतु त्यांचे मूल्य सारखे नसते.

रचनेविषयीचा अभिप्राय मुख्यतः लांबीबद्दल होता. ‘क्लॅरिसा’ ही पाचशेहून अधिक पत्रांतून उलगडणारी, सात खंडांची कादंबरी आहे. ती आटोपशीर करावी असे अनेकांना वाटले. ॲरन हिलने तर काही भागाचा संक्षेप करून दाखवला. रिचर्डसनला तो पाहून समाधान होण्याऐवजी धक्का बसला. पत्रातील पुनरुक्ती, संकोच, आडवळणे हीच पात्राच्या मनाची हालचाल आहे. ती काढली की केवळ कथानकाचा सांगाडा उरतो, हे त्याला त्या संक्षेपामुळे स्पष्टपणे जाणवले असावे. चुकीचा सल्लाही लेखकाला स्वतःच्या पद्धतीचे भान देऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

आकलनाविषयीचा अभिप्राय अधिक गंभीर होता. क्लॅरिसा हार्लो ही श्रीमंत घरातील कन्या. तिला न आवडणाऱ्या सोम्स नावाच्या माणसाशी तिचे लग्न लावण्याचा घाट घरचे घालतात. या कोंडीचा फायदा घेऊन लव्हलेस हा देखणा, बुद्धिमान व विलासी सरदार घराण्यातील तरुण तिला फसवून घराबाहेर काढतो. ती स्वेच्छेने पळून जात नाही, कपटाने नेली जाते, हा भेद रिचर्डसनच्या दृष्टीने कादंबरीचा कणा होता. पण हिलसारख्या जाणत्या वाचकालाही तिचे जाणे प्रेमाच्या भरात उचललेले पाऊल म्हणूनच पाहावेसे वाटले. त्याच वेळी लव्हलेसच्या विनोदबुद्धीवर आणि धडाडीवर अनेक वाचक, विशेषतः वाचक स्त्रिया, लुब्ध झाल्याचे लेखकाला दिसून आले.

तिसरा प्रकार इच्छेचा. क्लॅरिसा मरू नये, लव्हलेसचे हृदयपरिवर्तन व्हावे आणि दोघांचा विवाह व्हावा, अशी ही इच्छा होती. क्लॅरिसाच्या वाट्याला काय येणार आहे हे कळताच वृद्ध सिबर संतापाने बेभान झाल्याचे वर्णन १७४५ मधील एका पत्रात आढळते. कादंबरीचे पहिले दोन खंड डिसेंबर १७४७ मध्ये, पुढचे दोन एप्रिल १७४८ मध्ये आणि अखेरचे तीन डिसेंबर १७४८ मध्ये निघाले. या अंतरामुळे कादंबरीचा शेवट हा जाहीर चर्चेचा विषय बनला. ऑक्टोबर १७४८ मध्ये ‘बेलफोर’ हे टोपणनाव घेतलेल्या एका अनोळखी वाचक स्त्रीचे पत्र रिचर्डसनला आले. शोकान्ताची वार्ता तिच्या कानी आली होती आणि तो टाळावा अशी तिची कळकळीची विनंती होती. ही स्त्री म्हणजे लँकशायरमधील लेडी ब्रॅडशॉ. पुढे ती रिचर्डसनची सर्वांत महत्त्वाची पत्रमैत्रीण ठरली.

नकाराचा अर्थ

रिचर्डसनने ही विनंती मानली नाही. एडवर्ड यंगसारख्या मोजक्या मित्रांनी शोकान्ताला पाठिंबा दिला होता. इतरांचा बहुसंख्य आग्रह विरुद्ध होता. लेखकाचा हा नकार हट्टाचा होता की तत्त्वाचा, हे ठरवण्यासाठी मागणीचा आशय तपासला पाहिजे.

लव्हलेस क्लॅरिसाला लंडनमधील एका कुंटणखान्यात ठेवतो आणि अखेरीस तिला गुंगीचे औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. यानंतर ‘सुखान्त’ याचा अर्थ अत्याचार करणाऱ्याशी तिचे लग्न एवढाच होतो. कोमल अंतःकरणाच्या वाचकांनी केलेली ही मागणी मुळात किती कठोर आहे, हे येथे ध्यानात येते. क्लॅरिसा वाचावी म्हणून ते तिला लव्हलेसच्या स्वाधीन करू पाहत होते. लग्न लावून प्रकरण मिटवण्याची आणि त्यालाच स्त्रीचे कल्याण मानण्याची ही प्रवृत्ती भारतीय समाजालाही अनोळखी नाही.

लक्षणीय गोष्ट अशी की, वाचकांची ही मागणी कादंबरीच्या आतच मांडली गेली आहे. बलात्कारानंतर लव्हलेसचे नातलग विवाहाचा प्रस्ताव ठेवतात. क्लॅरिसाची जिवलग मैत्रीण ॲना हाऊ हीसुद्धा, जगाची रीत लक्षात घेऊन, तिने लग्नाला संमती द्यावी असेच सुचवते. क्लॅरिसा नकार देते. म्हणजेच वाचकांना लेखकाने जे उत्तर दिले, ते नायिकेने आपल्या हितचिंतकांना आधीच दिलेले होते. लेखकाने वाचकांपुढे मान तुकवली असती तर क्लॅरिसाचा नकारही रद्द झाला असता, आणि जिच्याकडून सर्व काही हिरावले गेले तिच्याकडे उरलेली एकमेव गोष्ट, म्हणजे स्वतःविषयीचा निर्णय, तीही गेली असती. त्यामुळे येथे कादंबरीकाराचे स्वातंत्र्य आणि पात्राचे स्वातंत्र्य यांचे भवितव्य एकमेकांत गुंतलेले आहे.

अपात्राच्या सुधारणेची वाचकांची अपेक्षा कादंबरीने पूर्णपणे नाकारलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. लव्हलेसचा मित्र बेलफर्ड हा पूर्वीचा विलासी माणूस क्लॅरिसाची पत्रे आणि तिची अवस्था पाहून पालटतो. परंतु त्याच्या सुधारणेचे बक्षीस म्हणून त्याला नायिका मिळत नाही. पश्चात्तापाला विवाहाची किंमत जोडायची नाही, हा भेद रिचर्डसनने काटेकोरपणे पाळला आहे.

लेडी ब्रॅडशॉची बहीण लेडी एक्लिन हिने वेगळा मार्ग पत्करला. तिने बलात्काराची घटना वगळून आपला स्वतःचा पर्यायी शेवटच लिहून काढला. तो १९८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मूळ संहितेला धक्का न लावता वाचकाने आपली इच्छा आपल्याच लेखनात पूर्ण करावी, हा या वादातील कदाचित सर्वांत प्रामाणिक तोडगा होय.

दुरुस्तीचा अतिरेक

वाचकांची इच्छा नाकारणारा रिचर्डसन त्यांचे आकलन मात्र दुर्लक्षू शकला नाही. १७४९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने पत्रांचा विस्तृत गोषवारा जोडला, त्यात लव्हलेसच्या कारस्थानांकडे लक्ष वेधणारी मांडणी केली आणि वाचकांच्या गैरसमजांना उत्तर देणाऱ्या तळटीपा घातल्या. १७५१ च्या तिसऱ्या आवृत्तीत मोठ्या प्रमाणावर मजकूर वाढवला. हस्तलिखितातून पूर्वी गाळलेला मजकूर परत घातला आहे असे त्याचे म्हणणे होते. परंतु मार्क किंकेड-वीक्स या समीक्षकाने १९५९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, यातील बराचसा भाग वाचकांच्या प्रतिसादानंतर नव्याने लिहिलेला दिसतो. लव्हलेस अधिक काळाकुट्ट व्हावा आणि क्लॅरिसाच्या वर्तनाविषयी शंका राहू नये, हा त्याचा हेतू होता.

अभिप्राय मागवण्याच्या प्रथेतील एक कमी चर्चिला गेलेला धोका येथे दिसतो. लेखक वाचकांपुढे वाकतो तेव्हा होणारी हानी सहज लक्षात येते. परंतु लेखक वाचकांवरचा विश्वास गमावतो तेव्हाही कृतीची हानी होते. लव्हलेस मोहक वाटणे हा वाचकांचा दोष नव्हता. तो मोहक नसता तर क्लॅरिसाची फसवणूक पटली नसती. पहिल्या आवृत्तीत वाचक स्वतः त्या मोहात सापडतो आणि पुढे आपल्याच मोहाची त्याला शरम वाटते. हा नैतिक अनुभव तळटिपेने देता येत नाही. पत्रात्मक कादंबरीत निवेदक नसतो, आणि हेच तिचे बळ असते. टीपांच्या रूपाने रिचर्डसनने मागील दाराने निवेदक आत आणला. पुढील समीक्षकांत पहिली आवृत्ती प्रमाण मानावी की तिसरी, याविषयी जो मतभेद झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

‘ग्रँडिसन’ : स्वीकाराचे फलित

पामेला आणि क्लॅरिसा यांच्यानंतर एका सज्जन पुरुषाचे चित्र रंगवावे, अशी मागणी लेडी ब्रॅडशॉप्रमाणेच इतरांनीही केली. तिच्यातून ‘सर चार्ल्स ग्रँडिसन’ (१७५३–५४) ही कादंबरी आकाराला आली. या वेळी वाचकवर्तुळ लेखनप्रक्रियेच्या अगदी केंद्रस्थानी होते. फुलमजवळील नॉर्थ एंड येथील घराच्या बागेत रिचर्डसन हस्तलिखिताचे वाचन करीत आहे आणि तरुण स्त्रीपुरुषांचा मेळा ते ऐकत बसला आहे, असे एक चित्र सुझाना हायमोर हिने १७५१ च्या सुमारास काढले. त्या मेळ्यात ती स्वतः होती आणि हेस्टर मल्सोही होती.

या वर्तुळाचे सामाजिक महत्त्व कमी लेखता येणार नाही. विद्यापीठाची दारे बंद असलेल्या या स्त्रियांना येथे वाङ्मयीन आणि नैतिक प्रश्नांवर मत मांडता येत होते, आणि त्या मताला किंमत होती. हेस्टर मल्सोने आईवडिलांच्या अधिकाराच्या मर्यादा या विषयावर रिचर्डसनशी दीर्घ पत्रांतून वाद घातला. पुढे हेस्टर शापोन या नावाने १७७३ मध्ये तिने लिहिलेले स्त्रीशिक्षणविषयक पत्ररूप पुस्तक बहुवाचित ठरले. खर्ड्याचे वाचन हे तिच्यासारखीच्या दृष्टीने लेखनाचेच शिक्षण होते.

परंतु कादंबरीच्या दृष्टीने फलित संमिश्र आहे. सर चार्ल्स निर्दोष आहे. इंग्रज हॅरिएट बायरन आणि इटालियन कॅथलिक क्लेमेंटिना या दोघींपैकी त्याचा विवाह कोणाशी व्हावा, हा कथानकातील मुख्य पेच आहे. या प्रश्नावर वाचक स्त्रियांची मते अजमावण्यात रिचर्डसनने रस घेतला आणि वाचकवर्गात दोन तट पडले. पण दोन्ही बाजू सभ्य, दोन्ही नायिका आदर्श आणि नायक सर्वांना न्याय देणारा, अशा परिस्थितीत संघर्षाची धार बोथट होते. कोणालाही दुखवायचे नाही हे धोरण जणू लेखकाकडून नायकाकडे संक्रमित झाले आहे. या कादंबरीचे चाहते कमी नव्हते, आणि जेन ऑस्टेनला ती विशेष प्रिय होती असे तिच्या कुटुंबीयांनी नोंदवले आहे. संवाद आणि सामाजिक व्यवहाराचे सूक्ष्म चित्रण हे तिचे गुण आहेत. तरीही ‘क्लॅरिसा’ची अपरिहार्यता तिच्यात नाही. सात खंडांनंतरही वाचकांचे समाधान झाले नाही. आणखी एक खंड लिहावा अशी मागणी आली, आणि १७५४ मध्ये रिचर्डसनला छापील पत्राद्वारे ती नाकारावी लागली. इच्छेची पूर्ती केल्याने इच्छा शमत नाही, हेच यातून दिसते.

या अपयशाचे सारे खापर वाचकवर्तुळावर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. निर्दोष नायकाची कथा हे मुळातच अवघड काम आहे. वर्तुळाने ती अडचण निर्माण केली नाही. तिच्याकडे डोळेझाक करण्यास लेखकाला साह्य केले, इतकेच म्हणता येईल.

तुलनेसाठी दोन उदाहरणे

एकोणिसाव्या शतकातील दोन प्रसंग या विवेचनाला पूरक आहेत. १८४९ मध्ये गुस्ताव्ह फ्लोबेरने क्रवासे येथे ‘संत अँथनीचे प्रलोभन’ या कृतीचा पहिला खर्डा लुई बुइये आणि माक्सिम द्यु कां या मित्रांना सुमारे चार दिवस वाचून दाखवला. तो जाळून टाकावा आणि पुन्हा त्याविषयी बोलू नये, असा निर्णय दोघांनी दिल्याचे द्यु कांच्या आठवणींत आहे. फ्लोबेर खचला, पण त्याने खर्डा जाळला नाही. १८५१ मध्ये त्याने ‘मादाम बोव्हारी’ हाती घेतली आणि जुन्या खर्ड्याचे पुनर्लेखन करून १८७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. मित्रांच्या निदानाचा त्याने उपयोग केला, पण त्यांनी सांगितलेला उपाय योजला नाही.

दुसरा प्रसंग चार्ल्स डिकन्सचा. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट १८६१ मध्ये एडवर्ड बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राच्या आग्रहावरून त्याने बदलला आणि पिप व एस्टेला यांच्या मीलनाची शक्यता खुली ठेवली. मूळ शेवट जॉन फॉर्स्टरने डिकन्सच्या चरित्रात प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून दोहोंपैकी कोणता शेवट श्रेष्ठ, हा वाद चालू आहे. येथे इच्छेविषयीचा अभिप्राय स्वीकारला गेला. परंतु डिकन्सने नव्या शेवटातही एक संदिग्धता राखली, म्हणून तो पूर्ण शरणागती वाटत नाही.

सहृदय आणि मराठी संदर्भ

भारतीय काव्यशास्त्रात अभिनवगुप्ताने वर्णिलेला सहृदय हा काव्याच्या सतत परिशीलनाने मन आरशासारखे स्वच्छ झालेला आस्वादक आहे. या संकल्पनेच्या प्रकाशात पाहता, खर्ड्याच्या वाचकाकडून अपेक्षा असते ती वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची. कृती आपल्या इच्छेनुरूप वळवण्याची नव्हे. लेडी ब्रॅडशॉची तन्मयता अस्सल होती. तिच्या मागणीत मात्र तन्मयतेचे रूपांतर ममत्वात झाले. हे ममत्व दूर झाल्याशिवाय रसास्वाद निर्विघ्न होत नाही, हे अभिनवगुप्ताचे म्हणणे कादंबरीच्या वाचकालाही लागू पडते.

मराठीत ह. ना. आपटे यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ या पत्राचे ते संपादक होते आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही त्यांची कादंबरी त्याच पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. रिचर्डसन स्वतःच मुद्रक, तर आपटे स्वतःच संपादक; म्हणजे प्रकाशनाचे साधन दोघांच्याही हाती होते. यमूच्या आत्मनिवेदनातून उलगडणारी ही कथा तिच्या सक्तीच्या केशवपनाकडे आणि मृत्यूकडे जाते. करमणुकीचे नाव मिरवणाऱ्या पत्रात लेखकाने तिला वाचवले नाही. क्रमशः प्रकाशन, वाचकांची अपेक्षा आणि शेवटाविषयीचा लेखकाचा निर्धार यांच्या परस्परसंबंधांचा शोध मराठी कादंबरीच्या अभ्यासात अधिक बारकाईने घेतला जाण्याची आवश्यकता आहे. महाविद्यालयीन वाङ्मय मंडळांतून होणाऱ्या लेखनवाचनालाही या विवेचनाचा उपयोग होऊ शकेल. विद्यार्थ्याच्या कथेवर मत देताना ‘असे व्हायला हवे होते’ आणि ‘असे वाटले’ या दोन विधानांतील फरक जपला, तरी बरेच साधेल.

निष्कर्ष

वरील चर्चेतून काही निष्कर्ष हाती येतात. कच्च्या खर्ड्यावरील अभिप्राय ही साक्ष असते, निकाल नव्हे. वाचक आपल्या मनावर काय घडले हे अधिकाराने सांगू शकतो. काय घडावे हे सांगण्याचा त्याचा अधिकार मर्यादित असतो. रचनेविषयीचा अभिप्राय लेखकाला आपल्या पद्धतीची पारख करण्यास लावतो. आकलनाविषयीचा अभिप्राय सर्वांत मोलाचा असतो, पण त्याला स्पष्टीकरणाने उत्तर देण्याचा मोह आवरावा लागतो. इच्छेविषयीचा अभिप्राय पुष्कळदा कृतीच्या यशाचा पुरावा असतो: क्लॅरिसा जगावी असे वाचकांना इतक्या तीव्रतेने वाटले, यातच तिचा मृत्यू सार्थपणे चितारला गेल्याची खूण आहे. बहुसंख्यांची कणवही कधीकधी अन्यायाच्या बाजूची असू शकते. रिचर्डसनने वाचकांना विचारले, त्यांचे सारे ऐकून घेतले आणि तरीही क्लॅरिसाच्या नकाराशी तो एकनिष्ठ राहिला. त्याचे ऐकणे आणि त्याचा नकार या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तरच त्याच्या कलेचे आणि वाचकवर्तुळाच्या कार्याचे यथार्थ मूल्यमापन होऊ शकते.